दीड लाखाचा प्लेअर: पैसे रूपाचे की गळ्याचे?

अनाहत
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

यंदा शाळेतून निवृत्त झाले. अजून दोन वर्षं होती, पण घशाने आधीच राजीनामा दिला. थोडे पैसे हातात आलेत आणि घरून फर्मान निघालंय, की यातले दीड लाख स्वतःवर उडवायचे, मुलांच्या नावाने गुंतवायचे नाहीत. दागिन्यांची हौस मला कधीच नव्हती. गाणं ऐकायचं वेड मात्र आहे.

मार्चमध्ये भाचीकडे सिंगापूरला गेले होते. तिथे एका दुकानात काचेखाली अ‍ॅस्टेल अँड कर्न कंपनीचा प्लेअर (फक्त गाणी वाजवायचं खिशातलं यंत्र) पाहिला. कडा पैलू पाडल्यासारख्या, एका अंगावर उजेड आणि दुसऱ्यावर सावली. आवाज कमीजास्त करायचं गोल बटण घड्याळाच्या किल्लीसारखं. हातात घेतला तर गार आणि जड, आजीच्या पानाच्या डब्यासारखा. पाच मिनिटं ऐकला. गाणी दुकानातली, इअरफोनही दुकानातला. छान वाटला. पण खरं सांगू? हातात घेतला तेव्हाच छान वाटायला लागलं होतं, कान मागून आले.

तेव्हापासून मनात घोळतंय. या महागड्या प्लेअरांमध्ये रूपाचे पैसे किती आणि गळ्याचे, म्हणजे आवाजाचे, किती? माझ्याकडे आहे ते असं: जुन्या तबकड्यांवरून उतरवलेल्या फायली, गुरुजींच्या मैफलींच्या कॅसेटी (भाच्याने संगणकात भरून दिल्यात) आणि दोनेकशे सीडी. सध्या सगळं फोनवर ऐकते. दीड लाख घातले तर मला काही वेगळं ऐकू येईल का, की फक्त वेगळं दिसेल?

फुकट_फौजदार
खुर्ची टाकून बसलोय. शेंगदाणे आणलेत. होऊ द्या सुरू.

ठोकळा
ताई, दोन प्रश्न. इअरफोन कोणता? आणि वायरचा की ब्लूटूथचा? याची उत्तरं आल्याशिवाय पुढचं सगळं वाफाळ चर्चा.

टोकियो_लोकल
निशी-कासाईहून रामराम. दर दोन-तीन महिन्यांनी मी अकिहाबारात इअरफोनच्या मोठ्या दुकानात जातो. घेत काही नाही. तिथे प्लेअर ओळीने मांडलेले असतात, आपलं कार्ड घालून आपली गाणी हवी तितका वेळ ऐकता येतात. कोणी "घेणार का साहेब" म्हणत मागे लागत नाही. पहिल्यांदा गेलो तेव्हा याचंच जास्त अप्रूप वाटलं होतं.

तिथे मी सोनीचा एनडब्ल्यू-डब्ल्यूएम१झेड ऐकलाय. २०१६ चा. अख्खी चौकट तांब्याच्या ठोकळ्यातून कोरून काढलेली, वर सोन्याचा मुलामा. वजन ४५५ ग्रॅम. त्याचाच सख्खा भाऊ डब्ल्यूएम१ए, तो अ‍ॅल्युमिनियमचा, २६७ ग्रॅमचा आणि किंमत निम्म्याहून कमी. आतला मुख्य मेंदू एकच. तांब्याचा रोध (विजेला होणारा अडथळा) कमी, म्हणून जमिनीची जोडणी (ग्राउंड) भक्कम होते आणि त्याचा आवाजावर परिणाम होतो, असं कंपनीचं म्हणणं. आतली वायरिंगही थोडी वेगळी आहे.

दोन्ही शेजारी ठेवून ऐकले. सोन्याचा जरा उबदार वाटला, खर्ज भरलेला. पण माझ्या डाव्या हातात अर्धा किलो सोनेरी वीट होती आणि उजव्या हातात काळा चपटा डबा, आणि कोणता कोणता ते मला दिसत होतं. त्यामुळे माझ्या साक्षीला कोर्टात किंमत शून्य.

गंमत म्हणजे १ जुलै १९७९ ला आलेला पहिला वॉकमन चारशे ग्रॅमच्या आसपास होता, कॅसेट आणि मोटार धरून. सदतीस वर्षांत वॉकमनचं वजन वाढलंच!

गवती_चहा
४५५ ग्रॅम तांबं? आमच्या तांबट आळीत याच्यात ठोक्याचा लोटा आणि वर पळी मिळेल. लोटा कानाला लावला तर समुद्राचा आवाजही येतो, बॅटरीशिवाय.

खडूस
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा हे ऐकलं होतं, इथे हातात सोन्याचा वाळा असून गळा शेजारच्या कथलाच्या सोनूबाईइतकाच आहे.

फोनच्या टाइप-सी भोकात घालायचं ते बोटभर डॉंगल येतं ना, हजार रुपयांच्या आतबाहेर, त्यातल्या चांगल्यांची मोजमापं काढून लोकांनी जाहीर केली आहेत. विकृती आणि खरखर दोन्ही माणसाच्या कानाला कळण्याच्या पलीकडे. सीडी म्हणजे १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ. तिच्यात सगळ्यात हळू आणि सगळ्यात मोठ्या आवाजातलं ९६ डेसिबलचं अंतर मावतं आणि बावीस हजार हर्ट्झपर्यंतचे सूर मावतात. पन्नाशीनंतर आपल्यापैकी बहुतेकांना चौदा-पंधरा हजारांच्या वरचं ऐकू येत नाही. मग २४ बिट १९२ किलोहर्ट्झच्या फायली कुणासाठी? वटवाघळांसाठी?

आणि तुमचा माल काय, तर तबकड्या! १९२५ च्या आधीचं ध्वनिमुद्रण शिंगात तोंड घालून केलेलं. अडीच-तीन हजार हर्ट्झच्या वर त्यात फारसं काही उरतच नाही. त्याला दीड लाखाचा प्लेअर म्हणजे पत्रावळीवर चांदीचा वर्ख.

सावनी_२
खडूसकाका, पत्रावळीवरचं जेवण चविष्ट असतं हं. उदाहरण बदला.

ठोकळा
खडूस यांच्याशी ऐंशी टक्के सहमत. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी हा लांबडा प्रतिसाद. (मी पॉवर इलेक्ट्रॉनिक्सवाला, ऑडिओ हा छंद.)

डॅक चिपचा (फायलीतल्या आकड्यांचा आवाज करणारी ती) मुद्दा केव्हाच संपलाय. आज मधल्या किमतीच्या प्लेअरात जी चिप असते तिचीच थोरली किंवा धाकटी बहीण तिप्पट किमतीच्या प्लेअरात असते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओकाला एकेएम या चिप बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि त्यांच्या चिपा मिळेनाशा झाल्या, तेव्हा फियो कंपनीने आपल्या एम११ प्लस प्लेअरमध्ये एकेएमऐवजी ईएसएसची चिप घालून तोच प्लेअर विकला. आभाळ कोसळलं नाही.

खरा फरक चिपच्या पुढे पडतो, प्लेअरच्या आउटपुटचा रोध आणि इअरफोनचा रोध यांच्या जोडीत. धाग्याचा नायक अ‍ॅस्टेल अँड कर्नच घ्या. २०१२ मध्ये त्यांचा पहिला प्लेअर आला, एके१००. काळा, सुबक, काडेपेटीच्या वंशातला. हे आयरिव्हर या कोरियन कंपनीचंच घराणं, त्यामुळे देखणेपण रक्तात. आत वुल्फसनची चांगली चिप. पण आउटपुटचा रोध किती? २२ ओम! कानात खोचायच्या चांगल्या इअरफोनांचा रोध सगळ्या सुरांना सारखा नसतो. समजा खालच्या सुरांना तो ४० ओम आणि वरच्या एखाद्या पट्टीत १० ओम आहे. २२ ओमच्या मागून वाजवलात तर त्या दोन सुरांमध्ये सहा डेसिबलहून जास्त अंतर पडतं. तेच १ ओमच्या प्लेअरवर पाऊण डेसिबलसुद्धा पडत नाही. म्हणजे गायिका तीच, इअरफोन तोच, आणि प्लेअरने परस्पर तिचा तार सप्तक मागच्या खोलीत नेऊन बसवला.

त्यांनी पुढच्या मॉडेलांत रोध ३ ओमवर आणला, आजचे त्याहून कमी आहेत. सांगायचं इतकंच, की "प्लेअरने काही फरक पडत नाही" हे खरं नाही, आणि "महाग तितका चांगला" हे तर त्याहून खोटं. किंमत बघू नका, आउटपुटचा रोध बघा. तो आकडा पेटीवर कधीच छापलेला नसतो, पेटीवर सोनं किती ते असतं.

फुकट_फौजदार
"तार सप्तक मागच्या खोलीत नेऊन बसवला". वाचनखूण साठवली आहे.

खडूस
ठोकळा, मग तुम्ही माझंच म्हणणं सिद्ध केलंत. हजारच्या डॉंगलचा रोध एक ओमच्या आसपास आहे.

ठोकळा
हो. पण त्याच्यात ३०० ओमचे मोठे हेडफोन घुसमटतात. शिवाय अँड्रॉइड बऱ्याचदा सगळं ४८ किलोहर्ट्झवर बदलून मग बाहेर सोडतं, ते टाळायला वेगळं अ‍ॅप लागतं. कानाला कळेल का? बहुधा नाही. पण मनाला कळतं. आणि हा सगळा धागाच मनाचा आहे.

सावनी_२
मला इथेच बोलायचं होतं. तुम्ही दोघं रूप म्हणजे वरचा लेप समजून चालला आहात.

आयपॉड आला २००१ मध्ये. पाच जीबी, हजार गाणी, ३९९ डॉलर. त्याच्या आधी आणि त्याच वेळी बाजारात एमपीथ्री प्लेअर पुष्कळ होते. लोकांनी तो आवाजासाठी घेतला नाही, ते चाक फिरवायला घेतला. अंगठा फिरवला की हजार गाण्यांतून हवं ते पाच सेकंदांत. ते चाक रूप की सोय? मागचा आरशासारखा पत्रा मात्र शुद्ध नखरा होता. पहिल्याच आठवड्यात त्यावर मांजराने नखं मारल्यासारखे ओरखडे यायचे आणि लोक तो मऊ मोज्यात घालून फिरायचे. म्हणजे एकाच वस्तूत पुढच्या बाजूला कामाचं रूप आणि मागच्या बाजूला बिनकामाचं.

उलट उदाहरण पोनोचं. नील यंग या गायकाने आवाजाच्या शुद्धतेसाठी मोहीम काढली, २०१४ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर साठ लाख डॉलरच्या वर गोळा केले. पण प्लेअर त्रिकोणी! चॉकलेटच्या त्या लांबट त्रिकोणी खोक्यासारखा. टेबलावर झकास उभा राहायचा, पँटच्या खिशात गेला की लोक वळून बघायचे. काही वर्षांत गाशा गुंडाळला. आवाजाला कुणी फार नावं ठेवली नव्हती.

गवती_चहा
खिशातल्या त्रिकोणावर मी काही बोलणार नाही. बायकोचंही खातं आहे इथे.

टोकियो_लोकल
"पोर्टेबल"वरून आठवलं. २०१८ मध्ये सोनीनेच डीएमपी-झेड१ काढला. आत बॅटरी आहे, म्हणून पोर्टेबल. वजन अडीच किलो! आवाज कमीजास्त करायच्या भागालाही सोन्याचा मुलामा. आमच्याकडे लोकलमध्ये उभ्याने झोपणारी माणसं बघितलीत, पण मांडीवर डीएमपी घेऊन गाणं ऐकणारा अजून दिसायचाय.

आणि त्याच्या आधी, २०१५ मध्ये, "उत्तम ध्वनीसाठी" म्हणून ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड काढलं होतं. नेहमीच्या कार्डाच्या कितीतरी पट किमतीला. विद्युत गोंगाट कमी म्हणे.

खडूस
कार्ड! शून्य आणि एक साठवायचं कार्ड! आता उद्या "भावगीतांसाठी खास" पेन ड्राइव्ह काढा.

बे_एके_बे
मी यात हात पोळून घेतलेला माणूस आहे, तेव्हा दोन शब्द. पाच वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीचा ऐंशी हजारांचा प्लेअर घेतला. नाव सांगत नाही, मंडळावर त्यांचे भक्त आहेत. पाठ काचेची, कडा पोलादी, बरोबर इटालियन कातडी पाकीट. तीन वर्षांनी बॅटरी फुगली आणि ती सुंदर काच मधोमध उचलली गेली. भारतात दुरुस्ती नाही. पाठवायचा तर कुरिअरवाला फुगलेली बॅटरी घेत नाही. आतलं अँड्रॉइड इतकं जुनं, की गाण्यांची अ‍ॅप एकेक करून "आता जमणार नाही" म्हणू लागली. आवाज? शेवटच्या दिवसापर्यंत अप्रतिम. आता कपाटात आहे, पाकिटासकट. पाकीट अजून नव्यासारखं आहे.

दुसरी गोष्ट. त्या प्लेअरच्या भरात बायकोला चाचणी घ्यायला लावली होती. मी पाठमोरा बसलो. ती एकदा प्लेअर, एकदा फोन-डॉंगल अशी नाणं उडवून वाजवणार आणि मी ओळखणार. दोन्हींचा आवाज मीटर लावून सारखा केला होता. हे महत्त्वाचं, कारण जरासा मोठा वाजणारा नेहमी "जास्त खुला" वाटतो आणि दुकानदारांना ते पक्कं ठाऊक असतं. वीसपैकी अकरा बरोबर आले. मी म्हटलं, बघ, अर्ध्याहून जास्त! ती म्हणाली, मी नुसतं नाणं बघून सांगितलं असतं तर दहा आले असते.

फुकट_फौजदार
वहिनींना या मंडळाचं संपादकपद द्या.

मिरजेचा_तंबोरा
धागा आत्ता पाहिला. प्लेअरमधलं मला ओ की ठो कळत नाही. पण रूप आणि गळा हा आमच्या गल्लीतला दीडशे वर्षांचा वाद आहे, म्हणून टंकायचा आळस सोडून लिहितो.

आमच्याकडे तंतुवाद्यं करणारे मूळचे शिकलगार. शस्त्रांना धार लावायचं काम. लढाया संपल्या, हात रिकामे झाले, ते तारांकडे वळले. तंबोऱ्याचा भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतो. भोपळा कितीही गोंडस असला तरी आवाज कसा निघेल हे तो वाळून, कापून, तबली (वरची लाकडी फळी) चढवून, तारा लावल्यावरच कळतं. आणि मग जवारी. तारा जिच्यावरून जातात त्या घोडीचा माथा कानसून कानसून असा करायचा की तार त्याच्यावर पुसट टेकत थरथरली पाहिजे. खाली दोरा सरकवायचा, केसाइतका पुढे-मागे. एका जागी तो षड्ज उमलतो. हे काम करणारे बोटांवर मोजण्याइतके.

दुकानात गिऱ्हाईक येतं तेव्हा दहातले आठ जण आधी नक्षीकडे बोट दाखवतात. वेलबुट्टी, मोर, पांढरी किनार. गाणारा माणूस येतो तो डोळे मिटून छेडतो. इथवर तुम्हाला वाटेल मी खडूस यांच्या बाजूने आहे.

पण तोच गाणारा माणूस जवारी पसंत पडल्यावर काय म्हणतो? "याला नक्षी जरा चांगली करून द्या, रंगमंचावर तीन तास लोकांना तीच दिसते." दोन नक्षीदार तंबोरे मागे उभे राहिले की गायकाची पाठ ताठ होते, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आमचा हिशेब साधा. नक्षीचे पैसे नक्षीचे म्हणून घ्यायचे, जवारीच्या नावावर लावायचे नाहीत. सोन्याच्या मुलाम्याने खर्ज सुधारतो असं आमच्या गल्लीत कोणी म्हणालं तर त्याला म्हाताऱ्यांनी चहासुद्धा पाजला नसता.

(अवांतर: २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पेढे वाटून झालेत, आता जवारी शिकायला पोरं मिळाली की झालं.)

सावनी_२
काय लिहिलंत! यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

खडूस
तंबोरेवाले, आपल्याशी भांडायला काही शिल्लक ठेवलं नाहीत. एकच शंका. तंबोऱ्याची नक्षी दीडशे वर्षं टिकते. प्लेअरची नक्षी बॅटरी फुगेपर्यंत. बे_एके_बे यांचं पाकीट हा अपवाद.

गवती_चहा
सगळे इतकं तांत्रिक बोलताय, कुणी कारवाँचं नाव काढेना. २०१७ मध्ये सारेगामाने ते काढलं, आत पाच हजार जुनी गाणी भरलेली. दिसायला जुन्या रेडिओसारखं, पुढे मोठं गोल बटण. मी बाबांसाठी आणलं. त्यांना फोनवर गाणं लावता येत नाही, दर वेळी चुकून कुणाला तरी फोन लागतो. बटण मात्र पहिल्या दिवशी जमलं, कारण हाताला त्याची चाळीस वर्षांची सवय. आता सकाळी सहाला शेजारच्या दोन्ही बिऱ्हाडांना भूपाळी. ध्वनीचा दर्जा वगैरे विचारलं तर बाबा म्हणतात, "लागतंय की!"

टोकियो_लोकल
+१. आणि वॉकमन तरी काय होता? पहिल्या वॉकमनला रेकॉर्डिंग नव्हतं, स्पीकर नव्हता. कॅसेटची सरसर होतीच. पण निळा-चंदेरी रंग, हेडफोनसाठी दोन भोकं आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू होऊन मैत्रिणीचं बोलणं ऐकू यायचं. ३३,००० येन. लोकांनी विकत घेतलं ते रस्त्यावरून आपल्याच गाण्यात चालत जाणं.

बे_एके_बे
आमच्या काकांनी मस्कतहून आणलेला वॉकमन. सेल महाग, म्हणून कॅसेट पेन्सिलीने फिरवून मागे न्यायची. त्या पेन्सिलीला आवाजाच्या दर्जात किती गुण द्यायचे?

फुकट_फौजदार
षटकोनी पेन्सिल असेल तर पूर्ण. गोल घसरते.

ठोकळा
धागा पेन्सिलीवर पोचला. अनाहतताई कुठे आहेत? माझे दोन प्रश्न अजून तसेच.

अनाहत
आले आले! नात आली होती आठवडाभर, त्यामुळे फक्त वाचत होते. सगळ्यांचे आभार. मिरजकर, तुमचा प्रतिसाद दोनदा मोठ्याने वाचून दाखवला घरी.

ठोकळा, उत्तर द्यायला लाज वाटतेय. इअरफोन लेकीने दिलेला ब्लूटूथचा. पांढऱ्या डबीतला.

ठोकळा
मग ताई, हा धागा पहिल्या प्रतिसादातच संपला असता! ब्लूटूथवर ऐकताना प्लेअरमधली चिप, अँप (आवाज वाढवणारा भाग), तांबं, सोनं यातलं काहीही वापरात येत नाही. प्लेअर फक्त आकडे हवेत सोडतो, त्यांचा आवाज बनतो तो तुमच्या कानातल्या त्या पांढऱ्या बोंडूत. सीडीचा ओघ सेकंदाला १,४११ किलोबिट, ब्लूटूथचा एलडॅकसारखा चांगला प्रकारही जास्तीत जास्त ९९०, आणि तुमच्या बोंडूत तो असेलच असं नाही. सिंगापूरचा प्लेअर आणून त्याला ही डबी जोडलीत तर तो दीड लाखाचा रिमोट होईल.

खडूस
आता मी काहीच बोलत नाही. बघा किती सभ्य झालोय.

सावनी_२
ताई, आधी इअरफोन. वायरचा. पंधरा-वीस हजारांत फार चांगले मिळतात. आवाजातला सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. मुंबईला येणार असाल तर कळवा, ऐकून बघता येतील अशी दुकानं आहेत. मी येईन बरोबर, मला निमित्तच हवंय.

मिरजेचा_तंबोरा
आणि जाताना दुकानातली गाणी ऐकू नका. तुमच्या गुरुजींची कॅसेट न्या. जिचा प्रत्येक श्वास पाठ आहे तीच न्या.

अनाहत
(सहा आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण हिशेब द्यायचा राहिला.

सावनी आणि मी मुंबईला गेलो. चार तास दुकानात. गुरुजींची १९८६ ची कॅसेट नेली होती, मुलतानी. अठरा हजारांचा वायरचा इअरफोन घातला, फोनला डॉंगल लावलं, आणि विलंबितात गुरुजींच्या मागे तंबोऱ्यावर कोण बसलंय ते ऐकू आलं. म्हणजे मीच. दुसऱ्या तंबोऱ्याची जोडीची तार किंचित उतरली होती आणि मी ती मध्येच खुंटी पिळून लावतेय, तो कुरकुराट. चाळीस वर्षं ही फीत ऐकतेय, हा आवाज कधी ऐकला नव्हता. सावनीला विचारा, मी दुकानात रडले.

मग त्यांनी दीड लाखाचाही लावून दाखवला, तोच इअरफोन, तीच फीत. बे_एके_बे यांच्या सांगण्याप्रमाणे आवाज सारखा करायला लावला. पोरगा जरा नाखूश झाला. डोळे मिटून ऐकलं. कुरकुराट तोच, तेवढाच. खडूस, तुमचा विजय झाला आहे, मोठेपणाने घ्या.

तर फक्त इअरफोन आणि डॉंगल घेऊन घरी आले. तिसऱ्या दिवशी गुरुजी मंद्रातून षड्जावर येतायत आणि नेमका कर्जवालीचा फोन. पुढच्या आठवड्यात सोसायटीच्या गटावर पाण्याच्या टँकरची बावीस "टिंग". फोनवर गाणं ऐकणं म्हणजे बसस्टँडवर पूजा मांडणं. याबद्दल धाग्यात कुणीच बोललं नाही बघा, सगळे ओम मोजत बसलात.

म्हणून शेवटी वेगळा प्लेअर घेतलाच. तीस हजारांच्या आतला. ठोकळा यांनी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) रोध बघून दिला, एक ओमहून कमी. ना सिम, ना टिंग. आवाजाला गोल बटण आहे, ते मात्र अडून मागितलं. दिसायला अगदीच काळा ठोकळा आहे (ठोकळा, कृपया हलके घ्या).

आणि आता कबुली. त्याला गावातल्या चांभाराकडून कातडी पाकीट शिवून घेतलंय. कोल्हापुरी चपलेचं कातडं, कडेला वेणी. अकराशे रुपये. नक्षीचे पैसे नक्षीच्या नावावर मांडले आहेत.

मिरजेचा_तंबोरा
जोडीची तार उतरली होती म्हणता? तंबोरा कुणाकडचा होता?

अनाहत
तुमच्याच गल्लीतला.

मिरजेचा_तंबोरा
मग हवामानामुळे असेल.

बे_एके_बे
ताई, त्या चांभाराचा पत्ता व्यनि करता का? नको, थांबा. पाकीट आहे माझ्याकडे. प्लेअरच नाही.